गाडीत ठेवलेला आपत्कालीन निधी

एका वाचकाच्या पत्राचा सारांश असा: "तीन वर्षांपूर्वी मी 1986 सालची पोर्शे 944 घेतली. गेल्या महिन्यात ती भर रस्त्यात एकाएकी बंद पडली. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या भागांचा मेळ राखणारा रबरी पट्टा, तुटला असून व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) वाकले असावेत, असे वर्कशॉपचे म्हणणे आहे. इंजिन पूर्ण नव्याने बांधून घ्यावे, वापरलेले दुसरे इंजिन बसवावे, की गाडी आहे त्या स्थितीत विकावी? खर्चासाठी बचत विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढण्याची तयारी केली आहे. वेगळा आपत्कालीन निधी ठेवलेला नाही, कारण गरज पडल्यास गाडी केव्हाही विकता येईल, असे धरून चाललो होतो. सात वर्षांनी मुलीच्या परदेशी उच्च शिक्षणाचा खर्चही या गाडीतूनच भागवायचा आहे, कारण दहा वर्षांत तिची किंमत तिप्पट होईल, अशी अपेक्षा आहे."

तुमचा प्रश्न इंजिनाविषयी आहे आणि त्याचे उत्तर मी देणार आहे. परंतु पत्रातील शेवटची दोन वाक्ये वाचल्यावर इंजिनाचा विचार मागे पडला. एकाच गाडीला तुम्ही दोन नोकऱ्या दिल्या आहेत. अडचण आली तर ती विकून घर चालवायचे, आणि अडचण आली नाही तर ती विकून मुलीला शिकवायचे. आता अडचण आली आहे आणि ती गाडीनेच आणली आहे. ज्या दिवशी निधीची गरज पडली त्याच दिवशी निधीची किंमत निम्म्याहून खाली आली, आणि टोइंगचे भाडे व वर्कशॉपची आगाऊ रक्कम तुम्हाला क्रेडिट कार्डावर टाकावी लागली.

पत्रातील रकमा मी येथे पैशांत न मांडता महिन्यांत मांडतो. तुमच्या कुटुंबाचा एका महिन्याचा घरखर्च म्हणजे एक महिना. असे मोजले की एखादी वस्तू आपल्या आयुष्याचा किती भाग खाते, ते उघड दिसते. गाडी 20 महिन्यांना घेतली. विमा, बंदिस्त जागेचे भाडे आणि देखभाल यांवर वर्षाला दीड महिना जातो. इंजिन पूर्ण बांधण्याचे दरपत्रक 7 महिन्यांचे आहे आणि वापरलेले इंजिन बसवून 4 महिन्यांचे. बंद गाडीला एका खरेदीदाराने 8 महिने देऊ केले आहेत. चालू स्थितीत ती आज सुमारे 18 महिन्यांना जाईल. कार्डाची थकबाकी दीड महिना आहे. सगळा खर्च भागवून दरमहा घरखर्चाचा पाचवा हिस्सा, म्हणजे वर्षाला सुमारे 2.4 महिने, शिल्लक पडतात. बँकेत जेमतेम एक महिना आहे.

या यादीत सर्वांत तातडीची बाब इंजिन नाही. कार्डाचे व्याज महिन्याला 3 टक्के आहे, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जाते. बंद इंजिन आणखी दोन महिने तसेच उभे राहिले, तर वर्कशॉप जागेचे भाडे लावील एवढेच. कार्ड मात्र रोज वाढते आहे.

आता त्या तिप्पट होण्याच्या अपेक्षेकडे वळू. गाडी, तिचे कर्ज आणि वॉरंटी हे तिन्ही एकाच इसमाने तुम्हाला विकले, आणि वर्षाला 12 टक्के वाढ दाखवणारा तक्ताही त्यानेच दिला. 12 टक्क्यांनी रक्कम सहा वर्षांत दुप्पट आणि दहा वर्षांत तिप्पट होते, हे गणित बरोबर आहे. चूक आहे ती गणितात काय धरले नाही यात. 20 महिन्यांच्या गाडीवर वर्षाला दीड महिना खर्च म्हणजे साडेसात टक्के. तक्ता अक्षरशः खरा मानला तरी हाती उरतात साडेचार. विकताना दलाली व इतर खर्च मिळून दहा टक्के गेले, तर दहा वर्षांत तिप्पट सोडा, दीडपटही होत नाही. आणि यात एकही बिघाड धरलेला नाही.

शिवाय असे तक्ते बहुधा लिलावांत विकल्या गेलेल्या उत्तम स्थितीतील गाड्यांवरून काढलेले असतात. वर्कशॉपच्या कोपऱ्यात हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून उभी असलेली गाडी त्यांत येत नाही, आणि लिलावात बोली न मिळाल्याने परत गेलेली गाडीही सहसा येत नाही. मथळ्यांत येते ती 250 जीटीओ, जी फेरारीने 1962 ते 1964 या काळात जेमतेम तीन डझन बनवली. 944 ही 1982 ते 1991 या काळात दीड लाखाहून अधिक संख्येने बनली. ती चांगली गाडी आहे, परंतु दुर्मीळ नाही. खुद्द फेरारीच्या बाबतीतही, ऑगस्ट 1988 मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यानंतर भडकलेल्या किमती 1990 नंतर जोरात कोसळल्या आणि सावरायला त्यांना वर्षे लागली. मुलीच्या प्रवेशाची तारीख बाजाराच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी अशी गाडी शिक्षणाच्या खात्यात का बसत नाही, ते कळेल.

वॉरंटीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण अधिक लिहिले तर माझा तोल जाईल. तीन वर्षांत तिच्यावर एक पूर्ण महिना खर्च झाला. तिच्या मुखपृष्ठावर 'इंजिन संरक्षण' असे ठळक छापलेले आहे, आणि आतील कलम सांगते की बेल्टसारखे झिजणारे भाग व त्यांच्या तुटण्यामुळे पुढे झालेले नुकसान हे दोन्ही वगळले आहेत. या इंजिनाचे मोठे नुकसान बहुधा बेल्टपासूनच सुरू होते. मग संरक्षण कशाचे दिले, हे विकणाऱ्यालाच ठाऊक. तरीही दावा लेखी दाखल करावा, नकार लेखीच घ्यावा आणि आपोआप होणारे नूतनीकरण थांबवावे. गाडीचा विमा मात्र बंद करू नये. यांत्रिक बिघाड त्यात येत नाही हे खरे, परंतु आग व चोरी येतात, आणि बंद गाडीही जळू शकते.

आता इंजिन. या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा कॅमशाफ्ट जागीच थांबतो, पिस्टन मात्र वर-खाली होतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणूनच हा बेल्ट साधारण चार वर्षांनी, गाडी कमी धावली असली तरी, बदलावा असे जाणकार सांगतात. रबर पडून राहिल्यानेही म्हातारे होते. 'फारच कमी किलोमीटर झालेली गाडी' या वाक्यावर तुम्ही भाळलात आणि बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती मागितली नाही. ते काम तेव्हा एका महिन्याच्या घरखर्चाहून कमी पैशांत झाले असते. बंद पडण्याआधी काही आठवडे पुढच्या बाजूने घरघर येत होती, असेही तुम्ही लिहिले आहे. या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि पंपाचे बेअरिंग जाम झाले तर बेल्ट कुरतडला जातो. त्यामुळे मूळ दोष बहुधा तेथेच असावा. गाडी बंद पडल्यावर तुम्ही तीनदा स्टार्टर मारला आणि इंजिन नेहमीपेक्षा हलके व वेगाने फिरले, हे बेल्ट तुटल्याचेच लक्षण होते. पुन्हा तसे करू नका.

मी मेकॅनिक नाही, परंतु 7 महिन्यांचे दरपत्रक नीट वाचले तर त्यात एक गोष्ट खटकते. इंजिन पूर्ण बांधण्याचा निर्णय हेड न उघडताच घेतलेला आहे. तुमच्या गाडीच्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटल्यावर पुष्कळदा वाकलेले व्हॉल्व्ह बदलून काम भागते. पिस्टन, सिलिंडर आणि खालचे बेअरिंग यांना काही झाले आहे की नाही, हे हेड उतरवून पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. दरपत्रकात "इंजिन उघडलेच आहे तर" या सबबीखाली क्लचही धरला आहे. हेड उतरवण्यासाठी या गाडीचे इंजिन बाहेर काढावे लागत नाही; क्लच बदलण्यासाठी मात्र मागच्या बाजूचा गिअरबॉक्स काढून टॉर्क ट्यूब (इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारी नळी) मागे सरकवावी लागते. फक्त हेडचे काम होणार असेल, तर या दोन कामांची मजुरी एकमेकांत मुळीच वाचत नाही. याउलट वॉटर पंप, दोन्ही बेल्ट (टायमिंगचा व बॅलन्स शाफ्टचा), त्यांचे ताण देणारे रोलर आणि पुढचे ऑइल सील ही कामे त्याच वेळी न करणे म्हणजे काटकसर नव्हे.

तेव्हा दुसऱ्या वर्कशॉपकडून केवळ हेड उतरवून तपासणीचे आणि त्यानंतर बाबनिहाय दरपत्रक घ्या. तुमच्या पत्रातील मजुरीचे दर पाहता, फक्त हेडचे काम असेल तर सर्व मिळून अडीच महिन्यांच्या आसपास भागावे. मग हिशेब असा होतो: दुरुस्त गाडी 18 ला विकली, दहा टक्के गेले, 16 उरले, अडीच वजा जाऊन साडेतेरा. आज बंद गाडी विकली तर 8. साडेपाच महिन्यांचा फायदा दिसतो, त्यामुळे दुरुस्ती करून विकावी. पूर्ण इंजिन बांधायचे झाले, तर 16 मधून 7 जाऊन 9 उरतात. एका महिन्याच्या फायद्यासाठी अर्धे वर्ष थांबायचे आणि दरपत्रक वाढण्याची जोखीम घ्यायची, हा सौदा मी करणार नाही. वापरलेल्या इंजिनाचा हिशेबही फार वेगळा येत नाही: मूळ क्रमांकाचे इंजिन गेल्यामुळे किंमत थोडी उतरेल, आणि त्या इंजिनाचा इतिहास ठाऊक नसल्याने त्यालाही बेल्ट व पंप नवेच घालावे लागतील. थोडक्यात, तपासणीनंतरचा आकडा 4 महिन्यांच्या वर गेला तर गाडी आहे तशी विकावी. आतापर्यंत घातलेले पैसे या हिशेबात मी कोठेही धरलेले नाहीत, कारण ते कोणत्याही मार्गाने परत येणार नाहीत.

पॉलिसीवर 7 महिन्यांचे कर्ज काढण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि कारण व्याजदर नाही. ही पॉलिसी हेच तुमचे एकमेव आयुर्विमा संरक्षण आहे आणि ते अवघे 14 महिन्यांचे आहे, म्हणजे कमावती व्यक्ती गेल्यास कुटुंबाला सव्वा वर्षाहूनही कमी आधार. त्यावर 7 महिन्यांचे कर्ज असताना काही बरेवाईट झाले, तर कर्ज व व्याज कापून पत्नी व मुलीच्या हाती सात महिनेही पडणार नाहीत, आणि दारात एक सुंदर गाडी उभी असेल. बचत आणि विमा एकत्र विकणाऱ्यांनी दोन्ही अर्धवट दिल्याचे हे नेहमीचे उदाहरण आहे. आधी शुद्ध मुदत विमा, निदान 120 महिन्यांचा, घ्यावा. तो लागू झाल्यावर या पॉलिसीचे काय करायचे ते सरेंडर मूल्य, म्हणजे ती मुदतीआधी मोडल्यास मिळणारी रक्कम, पाहून ठरवू. फक्त हेडचे काम करून गाडी लगेच विकायची असेल, तर अडीच महिन्यांचे कर्ज सहा महिन्यांपुरते काढण्यास माझी हरकत नाही. 10 टक्के दराने त्याचे व्याज महिन्याच्या आठव्या हिश्श्याएवढे होईल.

गाडी ठेवायचीच, असे तुमच्या मनात असेल हे मी ओळखून आहे. छंद म्हणून ती ठेवण्यात गैर काहीच नाही. परंतु मग मुलीच्या शिक्षणाच्या रकान्यात गाडीसमोर शून्य लिहावे लागेल, आणि कार्डाचे दीड, सहा महिन्यांच्या आपत्कालीन निधीचे 6 व दुरुस्तीचे अडीच असे 10 महिने आधी उभे करावे लागतील. वर्षाला 2.4 च्या वेगाने त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. शिक्षणासाठी मग तीन वर्षेही उरत नाहीत.

विकलीत तर चित्र असे दिसते. अगदी वाईट पर्याय, म्हणजे 8 महिन्यांना बंद गाडी, घेतला तरी दीड महिना कार्डाला जाऊन साडेसहा उरतात आणि आपत्कालीन निधी एका दिवसात पूर्ण होतो. गाडीवर जाणारा वार्षिक दीड महिना वाचतो, त्यामुळे वार्षिक शिल्लक 2.4 वरून 3.9 होते. ती 7 टक्क्यांच्या साध्या, कंटाळवाण्या गुंतवणुकीत सात वर्षे टाकली तर सुमारे 34 महिने जमतात. दुरुस्ती करून विकल्यास वरचे साडेपाच महिने सात वर्षांत 9 च्या घरात जातात आणि बेरीज 43 होते. तुमच्या स्वप्नातील तिपटीपेक्षा, म्हणजे 60 पेक्षा, हे कमी आहे, आणि भाववाढ धरली तर खरे मोल आणखी कमी. त्यामुळे परदेशी शिक्षणाचा बेत आजच मुलीशी बोलून पुन्हा तपासावा लागेल. मात्र यातले 34 कोणत्याही इंजिनावर अवलंबून नाहीत.

वर्कशॉपला आजच लेखी कळवा की तुमच्या संमतीशिवाय काही उघडू नये आणि जागेचे भाडे कोणत्या तारखेपासून लागेल ते सांगावे. खरेदीदाराचा 8 महिन्यांचा देकार तपासणी होईपर्यंत लेखी घेऊन ठेवा. गाडी कोणत्याही स्थितीत विकली तरी बेल्ट कधी तुटला, काय बदलले आणि काय बदलले नाही, हे विक्रीच्या कागदावर नमूद करा. तुम्हाला जी पावती मिळाली नाही, ती पुढच्या मालकाला मिळू द्या.