ओम्नीच्या पुढच्या बाजूचा टकटक आवाज: पार्ट आणण्याआधी चाक हलवून बघा

तुमची २००८ ची ओम्नी खड्ड्यात गेली की पुढून टकटक वाजते, डावीकडं ओढते, आणि दोन्ही शॉकॲब्सॉर्बर घरीच बदलू का, असं विचारलंय. अजून काही विकत आणू नका. मी खानापूरचा. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर माझीही गाडी अशीच वाजायला लागली होती. दोन्ही शॉक नवे घातले, पण आवाज तसाच. खराब झाला होता टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक उचला. स्टँड लोखंडीच हवा. आपल्याकडं अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात, ते गाडीखाली अजिबात नकोत, वजनानं भुगा होतो. आता चाक डावी-उजवीकडं धरून हलवा. खेळ म्हणजे ढिलेपणा जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक (स्टिअरिंगची दातेरी पट्टी) खराब. वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालच्या दांड्याशी जोडणारा गोल सांधा. लोअर आर्मचे (त्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, पहारीनं हलकेच रेटून बघा, रबर फाटलेलं लगेच दिसतं.

टाय रॉड एंड घरी होतो. लॉक नट किंचित सैल करा, जुना किती फेऱ्यांत निघतो ते मोजा, नवा तेवढ्याच फेऱ्या घाला. बोल्टच्या टोकावर हातोडी मारू नका, आटे जातात. तो बोल्ट ज्यात बसतो त्या नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) कडेवर ठोका, सुटतो. स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुहेरी पिन) नवीनच. बुश बदललात तर त्याचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

शॉकचं काम मात्र मेस्त्रीकडं द्या. पुढं स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) न लावता वरचा नट सोडला तर ती उडते आणि माणूस जायबंदी होतो. यात मी कुणालाही धाडस करू देणार नाही.

काम झालं की अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, करून घ्याच. तरीही ओढत असेल तर दोन्ही टायरची हवा सारखी आहे का बघा आणि दहा किलोमीटर चालवून पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघा. एकच चाक तापलं असेल तर तिथं ब्रेक धरतोय.

चाक कुठल्या दिशेनं हललं ते लिहा, पुढचं सांगतो.