गळती दिसत नसेल, तरी घराचं छत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं का?

हो, निदान घर विकत घेताना आणि मोठ्या वादळानंतर तरी घ्याच. आतून डाग दिसेपर्यंत पाणी बरंच आधीपासून मुरत असतं. शिवाय डाग जिथे, भोक तिथेच असं नसतं. आमच्याकडे डाग पंख्याजवळ होता आणि पाणी शिरत होतं पार कठड्याच्या सांध्यातून!

चांगला माणूस गच्चीवर नुसता फेरफटका मारून खाली येत नाही. तो लाकडी दांड्याने किंवा छोट्या हातोडीने स्लॅब ठोकून बघतो. ठणठणीत आवाज आला तर ठीक, पोकळ ढबढब आला तर आत थर सुटलाय समजा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे काढते. पावसाच्या पाइपचं तोंड, टाकीखालची जागा, कठड्याचा कोपरा ही नेहमीची दुखणी. ओल मोजायचं यंत्रही त्याच्याकडे असावं. कौलारू किंवा पत्र्याचं छत असेल, तर फुटकी कौलं, वासे आणि पत्र्याचे स्क्रू-वायसर तपासायला हवेत.

कोणी गच्चीत पाणी कोंडून चाचणी करू म्हणाला, तर स्लॅब किती जुना हे आधी सांगा. 5 सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन, जुन्या स्लॅबला ते झेपेलच असं नाही.

फोटोंसकट लेखी अहवाल मागाच. आणि वॉटरप्रूफिंगवाल्याची 'फुकट तपासणी' शक्यतो टाळा. त्याला दोष सापडणारच!