वाचकांचे प्रश्न : मोरोक्कोचा खुश्कीचा प्रवास

मोरोक्कोतील जुनी शहरे, ॲटलस पर्वत आणि सहारा वाळवंट अशा मार्गदर्शकासह होणाऱ्या सहलीविषयी नागपुरातून बरीच पत्रे आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही तीन कुटुंबे दिवाळीनंतर मोरोक्कोला जाण्याच्या विचारात आहोत. एका सहल कंपनीने नऊ दिवसांचा कार्यक्रम दिला असून त्यात कासाब्लांका, रबात, मेकनेस, फेझ, मेरझुगाचे वाळवंट, तोद्राची घळ, ऐत बेनहद्दू हे मातीचे तटबंद गाव आणि माराकेश ही सर्व ठिकाणे आहेत. हा प्रवास धावपळीचा होईल का? (धरमपेठ)

उत्तर : होय, फारच धावपळीचा होईल. निवडलेली ठिकाणे उत्तम आहेत. परंतु नऊ दिवसांपैकी पहिला आणि शेवटचा दिवस विमानप्रवासात जाणार आणि उरलेल्या सात दिवसांत सुमारे तेराशे किलोमीटरचा रस्ता, त्यातही बराचसा घाटांचा, बसवलेला आहे. फेझहून मेरझुगा साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि वाटेत कोठेही न रेंगाळता गेले तरी आठ तास लागतात. मेरझुगाहून माराकेश साडेपाचशे किलोमीटरांच्या पुढे आहे. कोणत्याही कंपनीचा कार्यक्रम हाती आला की ठिकाणांची नावे वाचण्याआधी रोज गाडीत किती तास बसायचे आहे आणि मुक्कामी किती वाजता पोहोचायचे आहे, हे लेखी मागून घ्यावे. हे दोन आकडे द्यायला जी कंपनी टाळाटाळ करील, तिच्याकडे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण असे की या सहलीत रस्ता हाच पाहण्याचा मोठा भाग आहे. फेझ सोडल्यावर दीड-दोन तासांत अझरूजवळची देवदारांची राने लागतात आणि तेथे बिनशेपटीची बार्बरी माकडे रस्त्याच्या कडेला येऊन बसलेली दिसतात. मग झाडे संपतात, उघडे माळरान सुरू होते आणि दीड हजार मीटर उंचीवरचे, सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले मिडेल्ट गाव येते. त्यापुढे उंच ॲटलसची रांग ओलांडून गाडी झिझ नदीच्या खोऱ्यात उतरते. एका वळणावर दोन्ही बाजूंच्या करड्या, बोडक्या कड्यांच्या मधोमध, अगदी तळाशी, खजुराच्या झाडांचा हिरवा पट्टा अचानक दिसू लागतो आणि त्याच्या काठाने जमिनीच्याच रंगाच्या मातीच्या तटबंद वस्त्या उभ्या असतात. एका दिवसात फेझ ते मेरझुगा गाठणारी गाडी येथे बहुधा अंधार पडायच्या सुमारास पोहोचते आणि प्रवासी पेंगत असतात. म्हणून मिडेल्टला एक मुक्काम करावाच.

माझी सूचना बारा रात्रींची आहे. पहिली रात्र रबातला, मग वाटेत मेकनेस आणि व्होलुबिलिसचे रोमन अवशेष पाहून फेझला तीन रात्री, मिडेल्टला एक, मेरझुगाला दोन, तोद्राला एक, ऐत बेनहद्दूला एक, माराकेशला दोन आणि परतीच्या विमानासाठी कासाब्लांकाला एक. वाळवंटातल्या दोन रात्रींवर मात्र तडजोड करू नये. एकच रात्र असली तर संध्याकाळी पोहोचणे, उंटावर बसणे, छायाचित्रे काढणे आणि पहाटे निघणे एवढेच होते. दुसरा दिवस मिळाला तर एर्ग चेब्बी या मेरझुगाजवळच्या वाळूपट्ट्यातल्या, काही ठिकाणी दीडशे मीटर उंच असलेल्या टेकड्यांवर सकाळच्या थंड वाळूतून चालता येते, खमलिया गावात ग्नावा लोकांचे, म्हणजे पूर्वी सहारापलीकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे, गायन ऐकता येते आणि रविवार, मंगळवार किंवा गुरुवार असेल तर रिसानीचा आठवडी बाजार पाहता येतो.

नऊच दिवस हाताशी असतील तर रबात आणि मेकनेस सोडून द्यावे, कासाब्लांकाहून रेल्वेने थेट फेझ गाठावे आणि वाचलेला वेळ पर्वताला व वाळवंटाला द्यावा.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. मोरोक्कोतील बहुतेक मशिदींमध्ये अन्य धर्मीयांना प्रवेश नाही, असे समजले. मग फेझमध्ये पाहायचे काय? आणि शहरांचा इतिहास पाहायला निघालेल्या माणसाने वाळवंटापर्यंत जाण्याची खरोखर गरज आहे का? (महाल)

उत्तर : आपली माहिती बरोबर आहे. कासाब्लांकाची हसन दुसरे मशीद, जिचे बांधकाम १९९३ मध्ये पूर्ण झाले, ती मार्गदर्शकासह पाहता येते. बहुतेक इतर मशिदी बाहेरूनच पाहाव्या लागतात. फेझची करावियीन मशीद इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने स्थापन केली असे परंपरा सांगते आणि तिच्याभोवती वाढलेले विद्यापीठ आजही चालू आहे. तिच्या दारातून आतले अंगण दिसते, तेवढ्यावर समाधान मानावे. परंतु जुन्या मदरशांना तिकीट काढून जाता येते आणि त्यांतही बू इनानिया मदरसा आपण अजिबात चुकवू नये. खाली रंगीत फरश्यांचे तुकडे जुळवून केलेली भौमितिक नक्षी, तिच्या वर गिलाव्यात कोरलेली अक्षरे आणि त्याहून वर देवदाराच्या लाकडाचे कोरीव काम, अशा तीन थरांची ही भिंत निवांत उभे राहून पाहण्यासारखी आहे.

हा मदरसा मरीनी घराण्यातल्या सुलतान अबू इनानने १३५० च्या दशकात बांधला, आणि येथेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. टॅंजियर येथे १३०४ मध्ये जन्मलेला प्रवासी इब्न बतूता याने आपला प्रवासवृत्तांत याच सुलतानाच्या आज्ञेवरून लिहवून घेतला आणि तो १३५५ मध्ये पूर्ण झाला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून राहिलेला आणि आपल्या दौलताबादचे व तेथल्या मराठ्यांचे वर्णन करणारा तो हाच. त्याचा अखेरचा मोठा प्रवास फेझहून ॲटलस ओलांडून सिजिलमासा या वाळवंटाच्या काठावरच्या व्यापारी शहराला आणि तेथून १३५२ मध्ये तांड्याबरोबर सहारापार माली राज्याकडे झाला. वाटेतल्या तगाझा या मिठाच्या खाणींच्या गावातली घरे मिठाच्या लाद्यांची आणि त्यांची छपरे उंटाच्या कातड्याची होती, असे त्याने नोंदवले आहे. परतताना तो हिवाळ्यात ॲटलसच्या बर्फात सापडला. बुखारा, समरकंद आणि खुरासानचे बर्फ पाहिलेल्या या माणसाने यापेक्षा अवघड रस्ता आपण पाहिला नाही असे सांगितले आहे.

सिजिलमासाचे अवशेष आजच्या रिसानी गावाला लागूनच, म्हणजे मेरझुगाला जाताना वाटेवरच आहेत. आता तेथे मातीच्या पडक्या भिंतींपलीकडे फारसे काही उरलेले नाही आणि म्हणून बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. पण दक्षिणेचे सोने ज्या तांड्यांनी उत्तरेला आणले आणि उत्तरेचे कापड व सहारातले मीठ ज्यांनी खाली नेले, त्यांपैकी अनेक तांडे याच नाक्यावरून गेले. फेझचे मदरसे आणि माराकेशचे महाल या व्यापाराच्या पैशावरही उभे राहिलेले आहेत. माराकेशच्या बदी महालाचा धनी सुलतान अहमद अल-मन्सूर याने तर सोन्याच्या लोभाने १५९० मध्ये सहारापार सैन्य पाठवले होते. त्या महालात आज उघड्या भिंती दिसतात, कारण पुढे मौलाय इस्माईल या नंतरच्या सुलतानाने तेथील संगमरवर उचकटून मेकनेसला नेला. शहर, पर्वत आणि वाळवंट हा एकाच व्यापारी वाटेचा विस्तार आहे आणि ती वाट सलग पार केल्याशिवाय शहरांचा इतिहास अर्धाच कळतो. आपण इतिहास शिकवता, तेव्हा रिसानीला अर्धा तास थांबण्याची अट कार्यक्रमात लिहूनच घ्या.

प्रश्न : आईला बरोबर न्यायची फार इच्छा आहे. तिचे वय ६८ असून गुडघे दुखतात. पर्वतावरची उंची आणि वाळवंटातला उंट तिला सोसेल का? तेथे भूकंप झाला होता, त्याचीही काळजी वाटते. (मनीषनगर)

उत्तर : उंचीची काळजी नको. या मार्गावर माराकेशच्या अलीकडे लागणारी तिझी न तिश्का ही खिंड २,२६० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या साधारण दुप्पट उंचीवर, आणि तेथे मुक्कामही करायचा नसतो. विरळ हवेचा त्रास बहुधा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. वळणांनी मळमळ होऊ शकते, म्हणून आईंना पुढच्या आसनावर बसवावे आणि औषध डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावे.

गुडघ्यांची खरी परीक्षा फेझच्या जुन्या शहरात होते. तेथे मोटारी जातच नाहीत, सामान खेचरांवरून किंवा हातगाडीवरून येते आणि उतरत्या, फरसबंद गल्ल्यांतून बरेच चालावे लागते. मागून ‘बालाक!’ अशी आरोळी ऐकू आली की खेचर येत आहे असे समजून आईंना भिंतीकडे घ्यावे. जुन्या वाड्यांतल्या निवासांचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असतात. तळमजल्यावरची आणि वेशीजवळची खोली आधीच मागावी. उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार जोराने पुढे झुकतो. गुडघे आणि कंबर दुखत असलेल्या व्यक्तीने उंटावर बसू नये. छावणीपर्यंत जीपगाडी जाते, आईंना तिने पाठवावे.

भूकंप ८ सप्टेंबर २०२३ रोजी माराकेशच्या नैर्ऋत्येकडील पर्वतभागात झाला, त्याची तीव्रता ६.८ होती आणि जवळजवळ तीन हजार माणसे दगावली. त्या खेड्यांचे दुःख फार मोठे आहे. तुमचा मार्ग मात्र त्या भागाच्या पूर्वेकडून जातो आणि तो रस्ता वाहता आहे.

प्रश्न : मुलांना सुट्टी मे-जूनमध्ये असते. नागपूरचा नवतपा सोसणाऱ्यांना सहाराचे ऊन काय करणार? (सक्करदरा)

उत्तर : नवतप्यात दुपारी आपण घराची दारे लावून कूलरसमोर बसतो. सहलीत नेमके त्याच वेळी उघड्यावर असावे लागते, हा फरक लक्षात घ्यावा. जून ते ऑगस्ट वाळवंटात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तंबू तापतात आणि वाळूचे वारे सुटतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमत असेल तर जावे, जूनमध्ये मुलांना नेऊ नये. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे उत्तम महिने आहेत. दिवाळीच्या सुमारास खजुराचा हंगाम असतो, दिवस सुखाचे आणि रात्री गारव्याच्या असतात. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटातली रात्र गोठवणारी असते आणि हिमवर्षावाने तिश्काची खिंड अधूनमधून बंद होते. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्या काळात दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. उपासमार होईल का? (खामला)

उत्तर : उपासमार होणार नाही, पण काटेकोरपणे विचारावे लागेल. मातीच्या शंकूसारख्या झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर शिजणारे ताजीन भाज्यांचेही मिळते. मात्र भाज्या मांसाच्या रश्श्यात शिजवलेल्या असू शकतात आणि शुक्रवारच्या कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांच्या, बाबतीतही हीच शक्यता असते. हरीरा नावाच्या सूपमध्येही बहुधा मांस असते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. रस्सासुद्धा मांसाचा नको, हे मार्गदर्शकाकडून आदल्या दिवशीच कळवून घ्यावे. स्थानिक अरबीत ‘ब्ला लहम’ म्हणजे मांसाशिवाय.

निर्धास्तपणे खाण्यासारखेही पुष्कळ आहे. झालूक हा भाजलेल्या वांग्यांचा आणि टोमॅटोचा, लसूण-जिऱ्याचा पदार्थ आपल्या भरताची आवड असणाऱ्याला लगेच रुचतो. फेझमध्ये सकाळी वाटाण्याच्या जातीच्या बाकल्यांची बिसारा नावाची घट्ट आमटी ऑलिव्हचे तेल आणि जिरेपूड घालून देतात. भट्टीतली ताजी भाकरीसारखी खोब्झ, पदर सुटणारी म्समेन पोळी, ऑलिव्ह, खजूर, बदाम आणि पुदिन्याचा गोड चहा सर्वत्र आहे. वाळवंटातल्या छावणीत पर्याय कमी असतात, म्हणून तेथील दोन रात्रींचे जेवण आगाऊ ठरवावे आणि घरचे मेतकूट, चटणी बरोबर ठेवावी.

प्रश्न : मार्गदर्शक गालिच्यांच्या दुकानांत तासन् तास बसवून ठेवतात, हे खरे का? आणि पैसे कोणते न्यावेत? (प्रतापनगर)

उत्तर : असे होते. दुकानांच्या भेटी किती आणि किती वेळ, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. तरीही फेझमध्ये परवानाधारक स्थानिक मार्गदर्शक घ्यावाच, कारण त्या गल्ल्यांत नकाशाचा उपयोग थोडा होतो. चामडे कमावण्याचे शौआरा हौद पाहण्यासाठी चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवरच जावे लागते. तेथे दारात हातात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरावी, कारण कातडी मऊ करण्यासाठी चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात. पाहून झाल्यावर काही विकत घेण्याचे बंधन नाही, गच्चीबद्दल थोडी बक्षिसी द्यावी.

तेथील चलन दिरहम आहे आणि ते देशाबाहेर नेण्या-आणण्यावर निर्बंध असल्याने नागपुरात शोधत बसू नये. युरो किंवा डॉलर न्यावेत, विमानतळावर थोडे आणि शहरात बाकीचे बदलून घ्यावेत. रिसानी, मेरझुगा भागात रोखच चालते. पावत्या जपून ठेवल्या तर उरलेले दिरहम निघताना परत बदलता येतात. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. त्याचा अर्ज विमानाचे तिकीट पक्के करण्यापूर्वी करावा.