अरुंद, ठळक सेरिफ: मथळ्याला हो, मजकुराला जपून

पोस्टरच्या मथळ्यासाठी घेतलेला अरुंद, ठळक सेरिफ (रेषांच्या टोकांना छोटे पाय असलेला) फॉन्ट खालच्या माहितीलाही लावू का, असा तुमचा प्रश्न. मथळ्याला बिनधास्त लावा. खालच्या माहितीचं उत्तर मात्र फॉन्टच्या रुंदीपेक्षा त्याच्या बारीक रेषांवर ठरतं.

बोडोनीच्या वळणाचे फॉन्ट घ्या. उभा दांडा जाडजूड, आडवी रेषा केसासारखी. 120 पॉइंटला हे रूप देखणं. 9 पॉइंटला तीच रेषा छपाईत तुटते आणि काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर शाई तिला गिळूनच टाकते. क्लॅरेंडन या फॉन्टचं तसं नाही. त्याचे सेरिफ दणकट, जाड-बारीक यांतला फरक बेताचा. गंमत म्हणजे 1845 मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली यांनी तो आणला तो पोस्टरसाठी नव्हेच! साध्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा आणि ओळीत त्याने फार जागाही खाऊ नये, एवढ्यासाठी. शब्दकोशातले ठळक शब्द आठवा. म्हणून उपशीर्षकं, तक्त्यांचे रकाने, तारीख-वेळ याला या जातीचा फॉन्ट चालतो. सलग परिच्छेद त्यातही नको. रोमन लिपीत 'मिनिमम' टाइप करून पाहा, अक्षरांऐवजी कुंपण दिसेल.

मथळ्यात अरुंद फॉन्टची कमाई आहे ती उंचीची. रुंद अक्षरांत लांब शब्द बसवायचा तर आकार कमी करावा लागतो. अरुंद अक्षरांत तोच शब्द कागदभर उंच उभा राहतो. 19व्या शतकातल्या जाहिरातींनी हेच केलं. अमेरिकी मुद्रक डॅरियस वेल्स यांनी 1828 मध्ये लाकडी अक्षरांचा नमुनासंच काढला आणि त्यानंतर मोठाले खिळे (छपाईची सुटी अक्षरं) हलके, स्वस्त झाले. वर्तमानपत्रांनाही अरुंद कॉलमात हाच आधार. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 2003 मध्ये मथळ्यांसाठी चेल्टनहॅम या सेरिफ फॉन्टचं कुटुंब घेतलं.

एक कळकळीची विनंती: साधा बोल्ड फॉन्ट आडवा दाबून 'अरुंद' करू नका. मी एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर 70 टक्क्यांपर्यंत दाबला होता. उभे दांडे रोडावले, आडव्या रेषा होत्या तेवढ्याच राहिल्या, गोल अक्षरं चेपलेल्या डब्यासारखी झाली. छापून आल्यावर दिसलं, तेव्हा उशीर झाला होता. खरा कंडेन्स्ड, म्हणजे मुळातच अरुंद फॉन्ट वेगळा रेखलेला असतो.

दोन ओळींचा रोमन मथळा सगळा कॅपिटलमध्ये असेल तर ओळी अगदी जवळ आणा, छान ठोकळा बनतो. देवनागरीत हा मोह टाळा. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात.

शेवटी प्रत्यक्ष मापात प्रिंट काढून भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचा. रोमन स्मॉल 'e'चं पोट बुजलेलं वाटलं तर आकार वाढवण्याआधी एक वजन (अक्षराची जाडी) कमी करून बघा.