६४१ ने भाग जाणारी संख्या

प्रश्न : २ चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही संख्या मूळ नसून तिला ६४१ ने भाग जातो, असे वाचनात आले. संगणक नसताना हा विभाजक कसा सापडला? आणि प्रत्यक्ष भागाकार न करता हे सिद्ध करता येते का?

उत्तर : २ चे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ आहेत. त्यांवरून पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये असा अंदाज बांधला की, या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात. आपण विचारलेली संख्या मालिकेत सहावी, आणि नेमका तिथेच हा अंदाज फसला. लेओनार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले की, ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार म्हणजेच ही संख्या होय.

हिचे वर्गमूळ ६५,५३६ पेक्षा अगदी किंचित मोठे आहे, त्यामुळे सरधोपट मार्गाने जाणाऱ्याला ६,५४२ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहण्याची तयारी ठेवावी लागली असती. ६४१ ही ११६वी मूळ संख्या असल्याने त्याची सुटका लवकर झाली असती हे खरे, पण ते आधी कोणाला ठाऊक असणार? काम सोपे होते ते वेगळ्याच कारणाने. एखादी मूळ संख्या या संख्येचा विभाजक असेल, तर तिने २ च्या ३२व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ येते (म्हणजे निःशेष भाग जायला १ कमी पडतो) आणि ६४व्या घाताला भागल्यावर १ येते; म्हणजे २ च्या चढत्या घातांच्या बाक्यांचे चक्र बरोबर ६४ पायऱ्यांचे असते. अशा चक्राची लांबी विभाजकापेक्षा एकने लहान असलेल्या संख्येला निःशेष भागते, हा निष्कर्ष फर्मा यांच्याच प्रमेयातून निघतो (त्यांच्या अंदाजाला त्यांचेच हत्यार लागू पडावे, ही गंमतच). म्हणून विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून आलेला असतो. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ आहेत. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते.

आता सिद्धता. ६४१ ची दोन रूपे लक्षात घ्यावीत. पहिले ६४० + १, ज्यात ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. दुसरे ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्या रूपानुसार ६४० ची बाकी उणे १ येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात या गुणाकाराची, बाकी १ येते. दुसऱ्या रूपानुसार बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी उणे १६ घालता येतात. तसे केले की तोच गुणाकार उणे (२ चा ३२वा घात) असा होतो. त्याची बाकी १ असल्याने २ चा ३२वा घात अधिक १ याला ६४१ ने निःशेष भाग जातो. नऊ-दहा अंकी आकडेमोड कुठेही करावी लागली नाही.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का, हे तपासणेही सोपे आहे. त्याचा प्रत्येक मूळ विभाजक मोठ्या संख्येचाही विभाजक असणार. एदुआर ल्यूका यांनी पुढे दाखवले की, असा विभाजक १२८ च्या पटीत १ मिळवून आलेला असतो. वर्गमूळ २,५८८ च्या आसपास असल्याने २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच मूळ संख्या उरतात. त्यांपैकी २५७ ही मालिकेतलीच संख्या आहे, आणि मालिकेतील कोणत्याही दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून ती बाद होते. उरलेल्या चारांनी भागल्यावर अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी उरते; म्हणून ६७,००,४१७ ही संख्या मूळ आहे.