टाकलेली चाल विचार

प्रिय मुली,

परवा सभागृहाबाहेर तू वही उघडून दाखवलीस. आठवड्याभरात तुमच्या विभागात तीन संगीतकार बोलून गेले. एक म्हणाले, शब्द आधी. दुसरे म्हणाले, चाल आधी. तिसरा मी, मी म्हणालो, गाणं सुचतं. ‘यातलं खरं कोणाचं?’ असं तू विचारलंस आणि मी घाईघाईने ‘तिघांचंही’ म्हणून निघालो. ते उत्तर रात्रभर बोचत राहिलं.

आम्ही तिघांनी तुला जे सांगितलं ते गाणं लोकांना आवडल्यानंतर रचलेलं आहे. करताना असं काही डोक्यात नसतं. म्हणून संगीतकार समोर आला की त्याला टाकलेली चाल विचार. कुठे अडली, का टाकली, ते विचार.

मी रिक्षात सुचलं म्हणून सांगितलेलं ते नाटकातलं गाणं घे. रिक्षात सुचला तो सातवा मुखडा, म्हणजे सुरुवातीच्या ओळीची सातवी चाल. पहिला दादरा तालात होता, फार गोड होता. ओळ होती ‘जायचं नाही मला’ आणि सम, म्हणजे तालाची पहिली, ठाशीव मात्रा, येत होती ‘नाही’वर. त्या बाईला तर मनातून जायचंच असतं! समेवर नकार असा ठाम बसायचा की पुढचा प्रवेशच खोटा वाटायचा. सम ‘जायचं’वर आणली, केरवा ताल घेतला, तर अंतरा तार षड्जाला, वरच्या ‘सा’ला भिडला. नटीला तो जिना चढताना म्हणायचा होता, श्वास पुरेना. पट्टी उतरवली, तर मुखडा मंद्रात, खालच्या सप्तकात बुडाला. दहा दिवस हेच चाललं होतं. तुला शिकण्यासारखं जे होतं ते या दहा दिवसांत होतं, आणि मी तुला रिक्षा सांगितली.

का सांगितली? आमच्या पिढीला कच्चं दाखवायची सवयच नव्हती. गुरूंसमोर बसायचं ते पक्कं करून. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग चाळ, शेकडो बंदिशी आहेत, सगळ्या पूर्ण झालेल्या. खोडलेली ओळ आमच्या नजरेला कधी पडलीच नाही. तिकडे बीथोव्हेनच्या खरडवह्या जपल्या गेल्या, अभ्यासल्या गेल्या. एकाच ऑपेरासाठी त्याने चार ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीला वाजणाऱ्या वाद्यरचना, लिहिली. पहिला प्रयोग १८०५ चा, शेवटचं रूप १८१४ चं. चारही आज वाजवून बघता येतात. मी माझ्या वह्या घर बदलताना रद्दीत दिल्या. त्या वेळी ते बरोबरच वाटलं होतं, आणि जागाही खरंच नव्हती.

तुझ्या वयात मी ‘घाशीराम कोतवाल’ पुन्हा पुन्हा पाहायचो. १९७२ चं नाटक. बामणांची ती रांग गाते, नाचते, आणि भिंत होऊन मागचं सगळं झाकते. कीर्तन आणि लावणी एकमेकांत मिसळतात. संगीत भास्कर चंदावरकरांचं. ते पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. एकदा एका व्याख्यानानंतर मी त्यांच्यापर्यंत पोचलो आणि विचारलं काय, तर प्रेरणा कुठून मिळते! त्या रांगेसाठी काय काय करून टाकलं, हे विचारायला हवं होतं. २००९ मध्ये ते गेले.

तेव्हा ‘सर, राग कोणता?’ यात वेळ घालवू नकोस. राग तुझ्या कानाला कळायला हवा. कळत नसेल तर पुन्हा ऐक. प्रेरणा विचारू नकोस. संदेश तर मुळीच नको. टाकलेली चाल विचार. कुणी चिडेल, कुणी विषय बदलेल, तरी पुन्हा विचार. आणि तुझ्या स्वतःच्या चाली फोनवरून पुसू नकोस, कितीही लाज वाटली तरी.

माझ्या त्या पहिल्या चालीचा मुखडा अजून आठवतो. शनिवारी सकाळी घरी आलीस तर पेटीवर वाजवून दाखवीन. अंतरा मात्र आता काही केल्या आठवत नाही.

तुझा,
परवाचा तिसरा