इंजिन वाढवावे की गाडीच बदलावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे १९९८ ची पोर्श बॉक्स्टर आहे, २.५ लिटरची, पाच गिअरची. इंजिन ठणठणीत आहे, पण महामार्गावर ताकद अपुरी वाटते. पोर्शच्याच ९११ चे ३.४ लिटरचे इंजिन तिच्यात बसते, असे इथल्या एका गॅरेजने सांगितले. ते बसवून घ्यावे, की ही विकून बॉक्स्टर एस घ्यावी? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : गॅरेजने सांगितले ते खरे आहे. आपल्या बॉक्स्टरचे इंजिन आणि त्याच काळातल्या ९९६ पिढीच्या ९११ चे इंजिन एकाच कुळातले, एम-९६ या नावाचे आहे. ९११ मध्ये ते मागच्या ॲक्सलच्या मागे असते आणि बॉक्स्टरमध्ये पुढे, त्यामुळे ते उलट्या तोंडाने बसवावे लागते. तरी अशा कितीतरी गाड्या आज रस्त्यावर आहेत. मूळ २०४ अश्वशक्तीच्या जागी ३०० मिळतात. गाडीचे वजन साधारण साडेबाराशे किलो धरले, तर टनामागे १६३ ऐवजी २४० च्या आसपास अश्वशक्ती येते. कागदावर हा हिशेब मोहात पाडणारा आहे.

मात्र पोर्शने स्वतः हीच गाडी जास्त ताकदीची केली तेव्हा काय काय बदलले, तेही पाहावे. २००० साली आलेल्या बॉक्स्टर एसमध्ये ३.२ लिटरचे, २५२ अश्वशक्तीचे इंजिन होते. म्हणजे वाढ पन्नासच्याही खालीच होती. तेवढ्यासाठी कंपनीने पाचाऐवजी सहा गिअरची वेगळी पेटी दिली, पुढच्या ब्रेक डिस्क २९८ मिलिमीटरवरून ३१८ वर नेल्या आणि दोन रेडिएटर पुरेनात म्हणून मध्यभागी तिसरा बसवला. आपल्याला जवळजवळ शंभराची वाढ हवी आहे, आणि ती जुनी पेटी, जुने ब्रेक आणि दोन रेडिएटरांच्या भरवशावर. गॅरेजच्या अंदाजपत्रकात बहुधा इंजिन, कामाची मजुरी आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) जुळवून घेणे एवढेच असेल. वरची यादी त्यात घालून पुन्हा बेरीज करायला सांगा, म्हणजे खरा आकडा कळेल.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. एम-९६ कुळातील इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (गती झडपांच्या यंत्रणेकडे नेणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग हा बदनाम भाग आहे. ते तुटले की बहुतेक वेळा सबंध इंजिन जाते. आपल्या १९९८ च्या गाडीत ते बहुधा गोळ्यांच्या दुहेरी ओळीचे आहे आणि तुलनेने भरवशाचे मानले जाते. २००० ते २००५ या काळातले एकेरी बेअरिंग अधिक घातक ठरले. म्हणजे आजचे ठणठणीत इंजिन काढून त्या जागी इतिहास माहीत नसलेले जुने इंजिन बसवायचे, आणि वर त्याचे बेअरिंगही बदलायचे. हा व्यवहार मला पटत नाही.

मात्र ‘एस’ घ्यायचीच असेल, तर २००० ची घेऊ नका. तिच्यात तेच एकेरी बेअरिंग येण्याचा संभव अधिक, आणि ताकदीतला फरकही असा नाही की रोज जाणवावा. २००९ मॉडेलपासूनची बॉक्स्टर एस पाहा. तिच्यात नव्या रचनेचे ३.४ लिटरचे, ३१० अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि त्यात ते बेअरिंगच नाही. शून्य ते शंभर किलोमीटरला आपली गाडी ६.९ सेकंद घेते, ही ५.३ घेते. इंजिन बदलून जो वेग मिळाला असता तोच इथे मिळतो, आणि ब्रेक, पेटी, रेडिएटर हे सगळे त्याच ताकदीच्या हिशेबाने कारखान्यातच जुळवलेले असते.

जुन्या गाडीवर जीवच जडला असेल, तर ती आहे तशी ठेवा. पुढच्या वेळी क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हा ते बेअरिंगही बदलून घ्या. पुन्हा मजुरी पडत नाही. दर ऑइल बदलीला जुना ऑइल फिल्टर कापून आत धातूची चमक दिसते का, तेही पाहत चला. बेअरिंग झिजत असल्याची ती खूण असते.

प्रश्न : २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस वापरतो. पुण्यातला एक ट्यूनर ‘स्टेज वन’ रीमॅप (फक्त इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल) करून २३० ची ३०० अश्वशक्ती करून देतो म्हणतो. दुसरा विचार गाडी विकून बीएमडब्ल्यू एम-३४० आय घेण्याचा आहे. (पुणे)

उत्तर : आपली गोष्ट वरच्या पत्राच्या नेमकी उलट आहे. बॉक्स्टरच्या इंजिनात टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) नाही. तिथे जास्त ताकद हवी तर इंजिनचे घनफळ वाढवण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. आपल्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनात मात्र कंपनीने बरीच गुंजाइश राखून ठेवलेली असते, आणि टर्बोचा दाब, प्रज्वलनाची वेळ व इंधनाचे प्रमाण एवढेच सॉफ्टवेअरमधून बदलले तरी ताकद पाव हिश्श्याहून अधिक वाढू शकते. ट्यूनरचा दावा त्यामुळे फुगवलेला नाही. मोजलेल्या रुपयामागे मिळणाऱ्या अश्वशक्तीचा विचार केला, तर याहून स्वस्त सौदा मोटारींच्या जगात सापडणे कठीण आहे.

अडचणी दुसरीकडे आहेत. पंपावरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता) अशा वाढीव ताकदीला पुरेलच असे नाही. वाढवलेल्या दाबावर, मे महिन्यातल्या उन्हात, बोगद्यापाशी रांगेत तापलेले इंजिन त्या पेट्रोलवर ‘नॉक’ करू लागते (इंधन वेळेआधी पेटून आतून खडखडते), आणि मग ईसीयू प्रज्वलन मागे घेऊन विकत घेतलेली ताकद परत काढून घेतो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल मुंबई-पुण्यात मिळते. पण कोकणात उतरल्यावर ते हमखास मिळेल, असे धरून चालू नये. शिवाय आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते. मूळ ३५० न्यूटन-मीटर टॉर्कलाच (चाके फिरवणाऱ्या जोरालाच) ओल्या रस्त्यावर चाके घसरतात. चारशेच्या पुढे गेल्यावर पहिल्या दोन गिअरांत वाढीव ताकदीचा बराचसा भाग टायरच्या धुरात जाईल आणि डीएसजीच्या (दोन क्लचांच्या स्वयंचलित गिअरपेटीच्या) क्लचवर भार पडेल तो वेगळाच.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही म्हणून पकडले जाणार नाही, असा युक्तिवाद मी ट्यूनरांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. रस्त्यावरच्या हवालदारापुरता तो खराही आहे. पण मोठ्या अपघातानंतर गाडी तपासायला येतो तो विमा कंपनीचा सर्व्हेअर, आणि फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत बदललेल्या सॉफ्टवेअरची खूण सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर उमटू शकते.

एम-३४० आय ही निराळ्या इयत्तेतली गाडी आहे. सहा सिलिंडर, तीन लिटर, २०२१ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर, आणि ती ताकद चारही चाकांवर वाटलेली. तेव्हाची शोरूममधली किंमत ६२.९० लाख होती. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के वाहन कर, म्हणजे फक्त कराचेच आठ लाखांहून अधिक. ती नवी घ्या, असे मी म्हणणार नाही. तीन-चार वर्षे वापरलेली, अधिकृत सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली मिळाली तर घ्या. तोवर आरएसला चांगले टायर घाला, ब्रेक ऑइल बदला, आणि साठ हजार किलोमीटरला डीएसजीचे ऑइल बदलायचे राहिले असेल तर ते आधी करा. द्रुतगती मार्गावर मर्यादा शंभरची आहे, आणि आपली गाडी तिथे सात सेकंदांच्या आत पोचते.

प्रश्न : फक्त उघडा कोन एअर फिल्टर आणि फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर बसवला तर किती ताकद वाढेल? गाडीला टर्बो नाही. (कोल्हापूर)

उत्तर : हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकी, कधी कधी ती घटतेही. कंपनीचा फिल्टर बंद डब्यात असतो आणि पुढून थंड हवा घेतो, तर उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा ३० अंशांवरून ५० वर गेली की तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी उतरते, आणि तेवढीच ताकदही. वाढतो तो आवाज. त्याचा दंड कोल्हापुरातही भरावा लागतो.

प्रश्न : २०१३ ची सायन एफआर-एस आहे, महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेतो. सुपरचार्जर (इंजिनाच्याच ताकदीवर चालून आत हवा दाबणारा पंप) बसवावा की टोयोटा जीआर-८६ घ्यावी? (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

उत्तर : आपली खरी तक्रार कोणती, हे आधी ठरवा. वळणातून बाहेर पडताना मिनिटाला साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान गाडी दम टाकते, ही या मॉडेलची सर्वांना ठाऊक असलेली खोड आहे, आणि नव्वद टक्के मालकांचे दुखणे तेच असते. आपल्याच गाडीची पुढची पिढी असलेल्या जीआर-८६ च्या २.४ लिटर इंजिनात ती खोड काढून टाकली आहे. पूर्वीचा २०५ न्यूटन-मीटर टॉर्क साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास मिळे. आता २५० मिळतो, आणि तोही ३,७०० वर. अश्वशक्ती २०० वरून २२८ झाली, वजन मात्र पंचवीस किलोच्या आतच वाढले आहे.

सुपरचार्जरने ताकद याहून जास्त मिळेल, हे मान्य. पण आपल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) १२.५ आहे. इतक्या उंच कॉम्प्रेशनवर वरून दाब द्यायचा, आणि तोही ट्रॅकवर वीस-वीस मिनिटे सलग, तर ऑइल कूलर हवाच, क्लचही बदलावा लागेल आणि ट्यूनिंगमध्ये चूक झाली तर कनेक्टिंग रॉड माफ करत नाहीत. महिन्याला एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने मी म्हणेन की जीआर-८६ च घ्यावी.

तरीही सुपरचार्जरकडेच मन ओढत असेल, तर कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मंजुरी) क्रमांक असलेलाच संच घ्या, आणि तो क्रमांक आपल्या गाडीच्या मॉडेल व सालाला लागू आहे, हे बोर्डाच्या यादीत स्वतः तपासा. जुलै २०२१ पासून स्मॉग (धूर) तपासणीत ईसीयूचे सॉफ्टवेअरही पाहिले जाते, त्यामुळे संचासोबतचे सॉफ्टवेअर सोडून दुसरे भरले, तर भाग मंजूर असूनही गाडी नापास होते. क्रमांकाचा स्टिकर बॉनेटखाली दिसेल असा चिकटवून घ्या. तपासणारा तंत्रज्ञ तोच शोधतो.